तेलात भिजत घातलेली माणसं

सुधाकरचा फोन आला तेव्हा मी गारखेड्यातल्या माझ्या घरी तांदूळ निवडत बसले होते. ‘आत्या, दादा गेले,’ एवढंच तो म्हणाला. माणूस गेल्याचं कळलं की लोक आधी विचारतात, कधी गेले, कसे गेले, शेवटी त्रास झाला का. माझ्या तोंडून निघालं, ‘तुझ्याशी बोलले का रे?’ तो म्हणाला, ‘नाय, आत्या.’ फोन ठेवला आणि मी रडले. ते रडणं भावासाठी नव्हतं, हे इथंच सांगून टाकते. दादा माझा सख्खा थोरला भाऊ. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्याचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं, परवान्याचं. सुधाकर त्याचा एकुलता एक मुलगा. दोघं एका घरात राहिले, एका दुकानात शेजारी शेजारी बसले, आणि दोन तपं उलटून गेली तरी दादा त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही. मला वाटायचं, मरताना तरी बोलेल. मरण भल्याभल्यांना सैल करतं म्हणतात. कपाळ माझं!

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ते ज्यांना जिवंतपणी बोलता आलं त्यांच्यासाठी ठीक आहे. आमच्या घरात ती सोय नव्हती. भेटायला आलेली सगळी माणसं एकच सांगत होती, ‘काय शांत माणूस हो! कधी आवाज चढला नाही की कुणावर हात उचलला नाही.’ खरं आहे ते. दादानं कधी कुणाला चापटसुद्धा मारली नाही. मार खाल्लेलं माणूस निदान बोंब तरी मारतं. दादाच्या हाताखालून गेलेल्यांना तेवढंही जमलं नाही.

हे सगळं सुरू झालं उस्तादांपासून, आणि त्यात त्या बिचाऱ्यांचा काडीचाही दोष नव्हता. उस्ताद म्हणजे शहरातले जुने बंदूकवाले. निजामाच्या काळात बड्या लोकांच्या शिकारीच्या बंदुका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पोलीस ॲक्शननंतर लोकांनी हत्यारं जमा केली, गिऱ्हाइकं कुठं कुठं पांगली, आणि उस्ताद कुलपं अन् शिवणयंत्रं दुरुस्त करत बसले. पुढं परवान्यांचं सगळं रीतसर बसलं, बंदुका दुकानात परत यायला लागल्या, तेव्हा त्यांना हाताखाली माणूस हवा होता. आमचा दादा मॅट्रिकला गणितात आपटलेला. वेरूळच्या वाटेवरची आमची शेती चुलत्यांच्या ताब्यात, घरात वडील आजारी. तो उस्तादांकडं जाऊन बसला तो कायमचा. उस्तादांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी दादाला सगळी विद्या दिली आणि जाताना दुकानही त्याच्या हवाली केलं. दादा त्यांना देवाच्या जागी मानायचा. रोज दुकान उघडलं की आधी त्यांच्या बैठकीला हात लावून तो हात कपाळाला लावायचा. तेवढं त्याच्यातलं चांगलं होतं, ते मी नाकारत नाही.

पिस्तूल म्हटलं की लोकांना चाप आणि गोळी दिसते. दादा म्हणायचा, सगळी जान पिनांत असते. काडीएवढ्या पिना, त्यांच्यावर आतलं सगळं फिरतं. आणि गंजल्या की ह्याच पिना अडून बसतात. एक पिन निघत नाही म्हणून अख्खं पिस्तूल बाकावर पडून राहतं. नवशिका माणूस तिथं हातोडी मोठी घेतो आणि माल वाया घालवतो. उस्ताद काय करायचे? अडलेला तुकडा तेलाच्या वाटीत भिजत ठेवायचे आणि सांगायचे, ‘भीगने दे बेटा. लोहे कू बी दम लेना पडता.’ आम्ही डबा घेऊन दुकानावर गेलो की हे वाक्य कानावर पडायचंच. त्याला जोडून ते आणखी एक सांगायचे, ‘रोज निकाल के देख. पूछ उसकू, कैसा हय.’ आणि खरंच, रोज सकाळी ते वाटीतला तो तुकडा बाहेर काढून, फडक्यानं पुसून, त्याच्याशी दोन शब्द बोलून परत आत ठेवायचे. आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. दादानं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

पहिली भिजली आमची आई. दादाचं बारीक यंत्राचं तेल तिनं देवघराच्या कुरकुरणाऱ्या दाराला घातलं, एवढाच तिचा गुन्हा. दादा ओरडला नाही. आईशी बोलणं बंद. ताट वाढलं की जेवायचा, हाक मारली की दुसरीकडं बघायचा. मी विचारलं, ‘दादा, किती दिवस हे?’ तर शांतपणे म्हणाला, ‘भिजू दे.’ आठवडाभरानं आईनं पदरानं डोळे पुसत पोटच्या पोराला ‘चुकलं बाबा माझं’ म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, ‘आमटी गरम कर.’ ही त्याची माफी. पुढं माझी पाळी आली. त्याला न विचारता मी मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज भरला होता. महिनाभर त्याच्या लेखी मी घरात नव्हतेच. दारातून येताना अंगावर यायचा, मीच बाजूला व्हायचं. शेवटी मी ‘चुकलं’ म्हणाले. अर्ज मात्र मागं घेतला नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि मी त्याला आणूनही दिलं नाही. वहिनी लग्न होऊन आली ती हसरी, बडबडी. माहेरच्या माणसांसमोर त्याच्या घोरण्याची नक्कल केली म्हणून तिला पहिल्याच वर्षी तेलात ठेवली. ती बाहेर आली तेव्हा हसणं विसरली होती. घरात सगळेच सैल झाले. दादाला वाटलं, पद्धत बरोबर आहे.

मग ते बापूरावांचं पिस्तूल आलं. बापूराव अजिंठ्याकडचे जमीनदार, मोठ्या आवाजाचा माणूस. आजोबांच्या वेळचं विलायती पिस्तूल. निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, आणि परत मिळाली की माणसं ती साफसफाईला दुकानावर आणतात. तसं ते आलं होतं, चांगलंच गंजलेलं, आणि त्याच्या घोड्याची पिन काही केल्या निघत नव्हती. दादानं ते भिजवलं, शेकलं, परत भिजवलं. रोज थोडं थोडं ठोकून पाहायचा. ही पिन एका टोकाला किंचित बारीक असते, म्हणून ती एकाच बाजूनं निघते, हे मलाही ऐकून ऐकून ठाऊक झालं होतं. उस्ताद सांगून गेले होते, डावीकडून ठोकायची, उजवीकडं निघते. दादा डावीकडून ठोकत होता. पिन जागची हलत नव्हती. दादाचं जेवण तुटलं होतं. ‘सोडून दे की एखादं,’ मी म्हटलं, तर वहिनीनं मला डोळ्यांनी गप्प केलं.

एके दिवशी दुपारी मी शिकवत होते त्या शाळेतून येताना दुकानावर टेकले होते. दादा परवान्याच्या कामाला ठाण्यावर गेलेला. बापूराव येऊन बसलेले, त्यांची कुरकुर चाललेली. सुधाकर तेव्हा चोविशीतला, कॉलेज करून बापाच्या हाताखाली कामाला लागलेला. त्यानं पिस्तूल उचललं, भिंगातून पिनेची दोन्ही टोकं पुन्हा पुन्हा पाहिली. मग पिस्तूल पालथं घातलं, उजवीकडून पंचाची सळई लावली आणि छोट्या हातोडीनं टकटक केलं. पिन निघून ताटलीत पडली. इतका बारीकसा आवाज, पण मला अजून ऐकू येतो. मान वर केली तर दादा दारात उभा होता. बापूराव मांडीवर थाप मारून ओरडले, ‘अरे वा रे पठ्ठे! बापापरीस पोरगं हुशार निघालं की हो!’ सुधाकरचा चेहरा फुलला होता. तो म्हणाला, ‘दादा, ह्याची पिन उलट्या अंगानं बसवलेली हाय. आपण इतके दिवस तिला घट्टच करत होतो.’ पोरगं ‘तुम्ही’ म्हणालं नाही, ‘आपण’ म्हणालं. पण ते ऐकायला समोर बाप नव्हता, हरलेला कारागीर होता.

दादा चप्पल काढून आत आला, हात धुतले, पुसले. ताटलीतली पिन उचलली. पिस्तूल बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळून धरलं, पिन परत तिच्या भोकात बसवली आणि मोठी हातोडी घेतली. ज्या माणसानं जन्मभर मोठ्या हातोडीला शिव्या दिल्या त्यानं ती घेतली... आणि डावीकडून घाव घातले. पिनेचं टोक चेपून लोखंडात मिसळून गेलं तरी तो थांबला नाही. बापूराव उठून उभे राहिले. ‘अहो, काय करताय? माझा माल हाय तो!’ दादानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सुधाकरला म्हणाला, ‘आता काढ. उस्ताद सांगून गेले तशी काढ.’ सुधाकर पांढराफटक. म्हणाला, ‘तशी नाय निघणार, दादा.’ ‘म्हणजे उस्ताद खोटे?’ ‘खोटे कसे... त्यांनी हे पिस्तूल बघितलंच नसंल.’ दादानं हातोडी खाली ठेवली. ‘मग भीज तूबी,’ तो म्हणाला. बापाचं मुलाशी झालेलं हे शेवटचं बोलणं. बापूराव शिव्या देत पिस्तूल घेऊन गेले. ते पुन्हा कुणालाच उघडता आलं नाही असं नंतर कानावर आलं.

सुरुवातीला आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. आठवडा, फार तर महिना. पण ह्या वेळी भिजत घातलेला दादाचाच मुलगा होता, तोच हट्ट, तीच हाडं. मी त्याला कितीदा हात जोडले. ‘अरे, म्हण की चुकलं. शब्दच आहे तो. मी म्हणाले, तुझी आई म्हणाली, काही झिजलं का आमचं?’ तो म्हणायचा, ‘काय चुकलं म्हणू, आत्या? पिन तर निघाली.’ वेगळा निघ म्हटलं तर म्हणायचा, ‘दादांना आता बारीक दिसत नाही, दुकान कोण बघणार?’ म्हणजे बोलायचं नाही आणि सोडायचंही नाही. बाप तसा बाप, पोरगं तसं पोरगं. मध्ये वहिनी. दिवसभर तिच्यामार्फत कारभार चालायचा. ‘त्याला सांग, दुकानाची किल्ली ठेव म्हणावं.’ सुधाकर तिथंच बसलेला असायचा. वहिनी मान वळवून सांगायची, ‘किल्ली ठेव म्हणतात.’ तो किल्ली ठेवायचा. सुधाकरच्या लग्नात नवरा-नवरी पाया पडायला वाकले, तर दादा भटजींना म्हणाला, ‘आशीर्वाद दिलाय म्हणावं.’ मांडवातली माणसं हसली. त्यांना वाटलं, गंमत करतोय. नवी सून अलका मात्र हसली नाही. पोरगी हुशार, उंबरठ्याच्या आत यायच्या आधीच तिला घर कळलं.

वहिनी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिथंच होते. शेवटी शेवटी तिनं एकच मागितलं. दादाचा हात धरून म्हणाली, ‘अहो, एकदा सुधाकर म्हणून हाक मारा. माझ्या कानांनी ऐकू द्या.’ मला वाटलं, आता विरघळेल. दादा तिलाच म्हणाला, ‘त्याला सांग, चुकलं म्हण.’ मरणाऱ्या बाईला निरोप्या केलं हो ह्या माणसानं! तिनं मान वळवली, पलंगाच्या दुसऱ्या अंगाला मुलगा उभा होता, त्याला म्हणाली, ‘सुधाकर... चुकलं म्हण रे.’ आणि तो म्हणाला. बापासमोर खाली बसून म्हणाला, ‘चुकलं, दादा.’ आईसाठी त्यानं तेवढं गिळलं. तर दादा काय म्हणाला असेल? वहिनीलाच म्हणाला, ‘काय चुकलं, ते विचार.’ त्याला ते शब्दच हवे होते. पिन डावीकडून निघते, उस्ताद बरोबर, मी खोटा. सुधाकरचे ओठ हलले... आणि आवाज फुटला नाही. जे डोळ्यांनी पाहिलं, हातांनी केलं, ते नव्हतंच असं कसं म्हणायचं? वहिनी एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं. त्याच आठवड्यात ती गेली. त्या दोघांमध्ये मान वळवता वळवताच गेली, असं मी म्हणते, आणि कुणाला राग आला तर खुशाल येऊ दे.

वहिनी गेल्यावर निरोप्या उरला नाही. अलकानं हात जोडून सांगितलं, ‘मामंजी, मला ह्यात घेऊ नका.’ मग दादा दुकानात शिकंज्याशी बोलायला लागला. ‘कानस दे म्हणावं,’ असं तो त्या लोखंडाला सांगायचा आणि शेजारून सुधाकर कानस पुढं करायचा. गिऱ्हाइकं ही कथा चहाबरोबर चवीनं सांगायची. एकदा मी दादाला तोंडावर म्हटलं, ‘उस्ताद भिजवायला सांगायचे तसं रोज काढून बघायलाही सांगायचे. कधी काढून पाहिलंस त्याला?’ झालं. त्या दिवाळीला ओवाळायला गेले तर पाटावर बसला, ओवाळून घेतलं, ओवाळणी अलकाच्या हातून दिली. मीही भिजले परत, ‘चुकलं’ म्हणेपर्यंत.

शेवटची भेट सांगते. दादा अंथरुणावर, नुसती हाडं राहिलेली. त्याचं सगळं सुधाकरच करायचा. धुणं, पुसणं, कुशीवर वळवणं, घास भरवणं. बापाला लहान मुलासारखं उचलून घ्यायचा, आणि बाप त्या वेळी छताकडं बघायचा. मी जाऊन बसले तर दादा मला म्हणाला, ‘पाणी दे म्हणावं.’ पाण्याचं भांडं घेऊन सुधाकर त्याच्या तोंडाशी वाकलेला होता. मला राहवलं नाही. ‘अरे, तोंडाला लागलंय पाणी, त्याच्याच हातात आहे! आता तरी नाव घे त्याचं. कुणासाठी राखून ठेवलंयस?’ दादानं मान हलवली आणि कितीतरी वर्षांनी मुलाकडं सरळ पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. ओठ थरथरले. सुधाकरनं भांडं खाली ठेवलं, कान बापाच्या तोंडाशी नेला. पन्नाशीचा माणूस, अर्ध्याहून जास्त केस पांढरे, आणि चेहरा असा की शाळेत निकालाच्या दिवशी पोरांचा असतो. दादानं नजर माझ्याकडं वळवली. म्हणाला, ‘दुकानाचं कुलूप बघ म्हणावं.’ सुधाकर सावकाश सरळ झाला. ‘बघतो,’ म्हणाला, आणि खरंच दुकानावर जाऊन कुलूप बघून आला. नंतर काही दिवसांत तो फोन आला.

तेराव्याला घर भरलं होतं. जो तो उठून दादाचे गोडवे गात होता. कसबी हात, शांत स्वभाव, गुरूवर निष्ठा. सुधाकर खाली मान घालून ऐकत होता. त्याची मुलगी नेहा, कॉलेजात जाणारी, कोपऱ्यात उभी होती. ती एकदम म्हणाली, ‘एवढे मोठे होते, तर माझ्या बाबांशी एकदा बोलायला काय झालं होतं त्यांना?’ मला तर उठून तिची अलाबला घ्यावीशी वाटली. इतक्या वर्षांत सुधाकरची बाजू घेऊन भर बैठकीत बोलणारी ही एकच निघाली, अन् तीही त्याचीच लेक.

परवा मी त्यांच्याकडं गेले. दुकान आवरलंय, हत्यारं रीतसर ठाण्यात जमा केलीत. सुधाकरनं घरी आणली ती फक्त उस्तादांची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, तेलाची वाटी. दादाच्या फोटोखाली ठेवली होती, तळाशी तेल तसंच. मी त्याच्यासमोर खुर्चीत बसले. अलका चहा टाकत होती. नेहा बाहेर जायला निघाली, चपला घालून दारात उभी राहिली, म्हणाली, ‘बाबा, येते मी.’ सुधाकर पेपर वाचत राहिला. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाला, ‘अलका, तिला सांग, दार लोटून घे म्हणावं.’

पोरगी दार लोटून गेली. मी विचारलं, ‘काय रे हे? कधीपासून?’ ‘तेराव्यापासून,’ आतून अलकाच म्हणाली. सुधाकर म्हणाला, ‘गेलेल्या माणसाला चारचौघांत असं बोलायचं, आत्या? माझ्या बापाला?’ ‘अरे मेल्या, तुझ्यासाठीच बोलली ना ती!’ तो पेपराची घडी घालत म्हणाला, ‘भिजू दे थोडी.’

आवाजसुद्धा तोच. मी उठले, फोटोखालची वाटी उचलली आणि मोरीत उपडी केली. रिकामी वाटी त्याच्यापुढं आपटली आणि म्हटलं, ‘सुधाकर, इतके दिवस आपण तिला घट्टच करत होतो, हे बापाला कुणी सांगितलं होतं? तूच ना? तुला दुसरी बाजू ठाऊक होती रे. सगळ्या घरात तुला एकट्याला ठाऊक होती.’ आणि मी रडायला लागले. अलका दारात येऊन उभी राहिली. सुधाकरनं वाटी हातात घेतली, पेपराच्या कोपऱ्यानं आतून पुसली, फोटोखाली होती तिथं नेऊन ठेवली. जागेवर येऊन बसला. त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांपासून हातभरसुद्धा लांब नव्हते. त्यानं दाराकडं पाहिलं आणि म्हणाला,

‘अलका, आत्याला सांग, चहा घेऊन जा म्हणावं.’